कस्टम मोटरसायकलचं डिझाइन: रायडर्सची मतं का फाटतात, आणि साताऱ्याच्या रस्त्यावर त्यातलं काय चालतं

प्रश्न थोडक्यात असा आहे. साताऱ्यातल्या एका रायडरकडे रॉयल एनफिल्डची इंटरसेप्टर ६५० आहे. रोज एमआयडीसीपर्यंत जाणं-येणं, रविवारी कास किंवा ठोसेघर, कधी पसरणी घाटाने पाचगणी. परदेशी महागड्या कस्टम गाड्यांचे फोटो बघून आपलीही गाडी लांब, बुटकी आणि मागे रुंद टायरची करावी असं त्यांच्या मनात आहे. पण अशा गाड्यांविषयी जाणकार रायडर्सची मतं दोन टोकांची आहेत. एक म्हणतो ही कला आहे, दुसरा म्हणतो ही दिवाणखान्यात ठेवायची वस्तू आहे. मग ऐकायचं कोणाचं, आणि अडीच लाखांत करायचं काय?

दोघंही आपापल्या रस्त्यावर बरोबर असतात. डिझाइनवरचं मत ऐकताना आधी तीन गोष्टी विचाराव्यात: हा माणूस कुठल्या रस्त्यावर चालवतो, सलग किती वेळ चालवतो आणि मागे कोणी बसतं का. हायवेवर सरळ दोनशे किलोमीटर जाणाऱ्याला लांब गाडी शांत वाटते. तीच गाडी यवतेश्वरच्या वळणावर समोर एसटी आली की नकोशी होते. वरवर वाद रुचीचा दिसतो. खाली तो कोन, अंतर आणि वजनाचा असतो, आणि या तिन्ही गोष्टी मोजता येतात.

आर्च या अमेरिकेतल्या कस्टम मोटरसायकल कंपनीचंच उदाहरण घ्या. कीआनू रीव्ह्ज आणि गार्ड हॉलिंजर यांनी २०११ मध्ये ही कंपनी काढली. त्यांच्या केआरजीटी-१ मध्ये एस अँड एसचं २०३२ सीसीचं व्ही-ट्विन इंजिन आहे, मागे २४० सेक्शनचं, म्हणजे २४० मि.मी. रुंद टायर आहे आणि किंमत पाऊण लाख डॉलरच्या पुढे आहे. फोटो बघणारे टाकी, चाकं आणि ते टायर यावर बोलतात. जाणकार रायडर मात्र पहिल्यांदा दाद देतात ती ओहलिन्सच्या सस्पेन्शनला आणि गिऱ्हाइकाच्या मापाने बसवलेल्या हँडल-फूटरेस्टना. त्यांची तक्रार असते ती व्हीलबेसच्या (दोन चाकांच्या एक्सलमधल्या अंतराच्या) लांबीवर आणि गाडी वळणात कलायला मागते त्या जोरावर. म्हणजे स्तुती आणि टीका, दोन्ही गाडी चालवण्यातून येतात. तुमच्या गाडीचा विचारही तिथूनच सुरू करा.

सगळ्यात जास्त घोळ फोर्कच्या, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दोन नळ्यांच्या, कोनात होतो, म्हणून त्यावर जरा सविस्तर लिहितो. स्टिअरिंगचा अक्ष उभ्या रेषेपासून जितका मागे झुकलेला असतो तो रेक. तो अक्ष खाली वाढवला तर जमिनीला जिथे टेकेल तो बिंदू आणि टायर जिथे टेकतं तो बिंदू, यांमधलं अंतर म्हणजे ट्रेल. इंटरसेप्टरचा रेक २४ अंश आणि ट्रेल १०६ मि.मी. पुढचं टायर १००/९०-१८, म्हणजे चाकाची त्रिज्या साधारण ३१९ मि.मी. सूत्र असं: त्रिज्येला रेकच्या साइनने गुणा, त्यातून ऑफसेट वजा करा आणि आलेल्या आकड्याला रेकच्या कोसाइनने भागा. ऑफसेट म्हणजे स्टिअरिंगच्या अक्षापासून एक्सल किती पुढे आहे ते अंतर. उलटं गणित केलं तर या गाडीचा ऑफसेट सुमारे ३३ मि.मी. निघतो.

आता फोटोतल्यासारखा ‘लूक’ हवा म्हणून फ्रेमचं नेक (स्टिअरिंग बसतं तो पुढचा पाइप) कापून रेक ३४ अंशांवर नेला आणि टी-प्लेटा (फोर्कच्या नळ्या नेकला धरणाऱ्या वरच्या-खालच्या प्लेटा) त्याच ठेवल्या, तर ट्रेल १७५ मि.मी.च्या घरात जातो. हायवेवर गाडी रुळावर चालल्यासारखी सरळ जाईल. पण पसरणीच्या अरुंद वळणावर पंधरा-वीसच्या वेगात हँडल आपोआप आत पडायला लागेल आणि ते दोन्ही हातांनी धरून ठेवावं लागेल. ३४ अंशांवर ट्रेल पुन्हा ११५ पर्यंत आणायचा तर ऑफसेट ८३ मि.मी. लागतो. म्हणजे पन्नास मि.मी. जास्त ऑफसेटच्या नव्या टी-प्लेटा आणि गाडीची उंची राखायला लांब फोर्क. यातलं काहीच अंदाजपंचे करायचं काम नाही.

याच्या उलट चूक त्याहून धोकादायक. नेकला हात न लावता फक्त पाच अंश तिरक्या टी-प्लेटा बसवतात, कारण ते स्वस्त पडतं आणि फ्रेम कापावी लागत नाही. त्यामुळे एक्सल पुढे सरकतो, स्टिअरिंगचा अक्ष मात्र जागेवरच राहतो, आणि ट्रेल निम्म्यावर येतो. गावात गाडी हलकी वाटते, मालक खूश होतो. मग हायवेवर नव्वद-शंभरला एखादा खड्डा लागला की हँडल डावं-उजवं झटके घ्यायला लागतं आणि आवरता आवरत नाही. तिरक्या टी-प्लेटा मुळात जास्त रेकच्या फ्रेमसाठी असतात, तिथला वाढलेला ट्रेल कमी करायला. तुमच्या गाडीवर त्या नकोत आणि नेकलाही हात लावू नका. ब्रेक मारल्यावर सगळा भार तिथेच येतो, आणि चासी नंबरही बहुतेक गाड्यांवर तिथेच ठोकलेला असतो.

वळण्याच्या जागेचंही तसंच. व्हीलबेस १४०० आणि हँडल ३५ अंश वळतं असं धरलं तर मागचं चाक साधारण दोन मीटर त्रिज्येचं वर्तुळ काढतं. व्हीलबेस १७०० झाला आणि हँडल टाकीला अडून २५ अंशांवर थांबलं, तर तीच त्रिज्या साडेतीन मीटरच्या वर जाते. क्लिप-ऑन हँडल (फोर्कच्या नळ्यांनाच आवळलेलं बुटकं हँडल) लावताना हे हमखास विसरलं जातं. टाकी आणि अंगठा यांच्यात पूर्ण वळवल्यावर निदान २५ मि.मी. जागा राहिली पाहिजे, नाहीतर राजपथावर गर्दीत यू-टर्न घेताना क्लच धरलेली बोटं चेमटतात.

लांब दिसण्याची हौस मात्र भूमिती न बिघडवता भागते. मूळ गाडीत टाकीची खालची कड आणि सीटची कड एका रेषेत येत नाहीत, आणि मागचा भाग लांब व जाड आहे. सीट सपाट केली, मागचा लूप (सीटखालच्या फ्रेमचा शेवटचा वाकवलेला पाइप) एक्सलच्या बरोबर वर आणून थांबवला आणि टेल-लाइट त्या लूपच्या आत घेतला, की गाडी जागच्या जागी लांब आणि बुटकी दिसते. चांगल्या बिल्डरांच्या गाड्यांवर नजर ठरते ती बरेचदा या एका रेषेमुळे.

रुंद टायरबद्दल रायडर्स म्हणतात की गाडी ‘उभी राहायला बघते’. कारण असं की गाडी कलली की टायरचा जमिनीला टेकणारा भाग मधून कडेला सरकतो. टायर जितकं रुंद तितका तो जास्त सरकतो, आणि त्याच वेगात तेच वळण घ्यायला गाडी जास्त कलवावी लागते. पुढचं टायर तेच ठेवून मागे १३० च्या जागी २४० घातलं तर चाळीस अंशांच्या कलात दोन-तीन अंश जास्त लागतात. आकडा लहान वाटतो, पण गाडी बुटकी केली असेल तर फूटरेस्ट आधीच रस्त्याला टेकत असते. ट्रायम्फ रॉकेट ३ वर कारखान्यातूनच २४०/५०-१६ येतं आणि ती नीट वळते, कारण तिथे फ्रेम, रिम आणि टायरची गोलाई एकमेकांसाठी आखलेली आहे. तुम्ही फार तर १४०/७०-१८ घ्या. १५० घातलं आणि रिम अरुंद राहिला तर टायरच्या कडा आत ओढल्या जातात, मध्य टोकदार होतो आणि रबर फक्त मधे झिजतं. टायर घातल्यावर चेन आणि स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा दुबेळका) दोन्हीकडे ८ ते १० मि.मी. मोकळी जागा आहे का ते चाक हाताने फिरवून बघा.

आता बुटकेपणा. मागचे शॉकअप आखूड करणं सोपं आहे, म्हणून सगळे तेच करतात. इंटरसेप्टरच्या मागच्या चाकाला मुळातच ८८ मि.मी. प्रवास (वर-खाली व्हायला जागा) आहे, पुढे ११०. जमिनीपासून उंची १७४ मि.मी. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमातला स्पीडब्रेकर १०० मि.मी. उंच आणि ३.७ मीटर लांब असतो, म्हणजे हळुवार चढ. आपल्याकडे गावोगावी जे आहेत ते आखूड आणि उभट. मागून ४० मि.मी. खाली आणलेली गाडी मागे माणूस बसल्यावर तिथे पोट घासणारच. शिवाय मागून खाली केलं की रेकही दीड अंशाच्या आसपास वाढतो.

त्यापेक्षा चांगले शॉकअप मूळ लांबीचेच घ्या आणि सॅग, म्हणजे तुम्ही बसल्यावर सस्पेन्शन जेवढं दबतं ते, लावून घ्या. चाक हवेत असताना एक्सलपासून सीटखालच्या पाइपवरच्या एका खुणेपर्यंत अंतर मोजा. मग हेल्मेट-बूट घालून बसा आणि दुसऱ्याकडून तेच अंतर मोजून घ्या. फरक मागे २५ ते ३० मि.मी. आणि पुढे ३० ते ३५ यावा. फरक जास्त आला तर प्रीलोड (स्प्रिंगला आधीच दिलेला दाब) वाढवा. प्रीलोड पूर्ण फिरवूनही जमलं नाही तर स्प्रिंगच तुमच्या वजनाला मऊ आहे. बसण्याची उंची कमी हवी असेल तर ती सीटमधून काढा.

सीटवर रायडर्स सगळ्यात कडवट बोलतात, आणि ते बरोबरच आहे. पातळ पत्र्यावर पंधरा मि.मी. फोम आणि वर लेदर, अशी सीट फोटोत देखणी दिसते आणि कऱ्हाड यायच्या आत उतरायला लावते. बेस १.६ मि.मी. पत्र्याचा किंवा ३ मि.मी. फायबरचा करा. वर ३५ ते ४० मि.मी. रिबॉन्ड (फोमचे तुकडे दाबून केलेला कडक फोम) आणि त्यावर १५ ते २० मि.मी. चाळीस डेन्सिटीचा पीयू फोम. पुढचा भाग मांड्यांमध्ये अरुंद ठेवा, म्हणजे पाय सरळ खाली जातात आणि उंची न कमी करताही टाच टेकते. लेदरचा हट्ट धरू नका. कासचा पाऊस शिलाईतून आत जातो आणि फोम आठवडाभर ओला राहतो. चांगलं रेक्झिन, खालून शिलाईवर टेप, आणि बेसला ६ मि.मी.ची चार भोकं पाणी जायला. कुशनवाल्याला फोम चिकटवण्याआधी नुसता ठेवून वर अर्धा तास बसून बघा.

मागचा लूप हे तुमच्या कामातलं एकमेव मोठं वेल्डिंग. मूळ सबफ्रेमच्या पाइपचा बाहेरचा व्यास आणि जाडी व्हर्नियरने मोजा, मगच पाइप आणा. नुसता तोंडाला तोंड लावून वेल्ड करू नका. आत घट्ट बसणारा तुकडा प्रत्येक बाजूला ४० मि.मी. जाईल असा टर्नरकडून करून घ्या, बाहेरच्या पाइपला दोन-दोन भोकं पाडून तिथूनही वेल्ड भरा आणि मग सांध्याभोवती वेल्ड फिरवा. वेल्ड टिगने करा. सांधा दिसू नये म्हणून ग्राइंडरने सपाट घासतात, त्यात पाइपची जाडी जाते आणि वेल्डच्या कडेलाच बारीक तडा येतो. स्वच्छ टिगचा सांधा उघडा ठेवण्यात कमीपणा नाही. वेल्डिंगआधी बॅटरी सोडवा, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) आणि एबीएसचे कनेक्टर काढा.

लूप किती वर हवा हे असं ठरवा: शॉकअप काढा, पूर्ण दाबल्यावर त्याची जी लांबी उरते तेवढ्या अंतरावर भोकं पाडलेली पट्टी त्याच्या जागी लावा आणि चाक त्या वरच्या टोकाला आणा. टायर आणि लूपच्या मधे तिथेही २० मि.मी. राहिले पाहिजेत. लूपखालून जाणारी वायर याच जागी सोलली जाते.

टाकीबाबत माझं मत स्पष्ट आहे: मूळ टाकी ठेवा. हाताने ठोकलेली टाकी सुंदरच असते, पण या गाडीचा पेट्रोल पंप टाकीच्या आत बसतो. त्याच्या फ्लँजची बैठक वेल्डिंगच्या उष्णतेने जरा जरी वाकली तरी रबरी रिंगमधून पेट्रोल झिरपतं, तेही गरम इंजिनच्या वर. १३.७ लिटरच्या जागी आठ लिटरची शेंगदाण्याच्या आकाराची टाकी घातली तर पंचवीसच्या मायलेजने दोनशे किलोमीटरमध्ये ती रिकामी होते. तरी करायचीच असेल तर १.२ मि.मी. सीआर पत्रा, आत आडवा पडदा आणि ०.२ बार हवा भरून साबणाच्या पाण्याची चाचणी. त्याहून जास्त हवा भरू नका, पत्रा फुगतो. फायबरची टाकी नको. ई२० मधलं इथेनॉल साध्या पॉलिस्टर रेझिनला मऊ करतं, आणि आतून लावलेलं जुनं सीलरही सोलून पंपाच्या जाळीत अडकवतं. जुन्या टाकीला वेल्ड करायचा असेल तर आत पेट्रोलचा वास राहिलेला असताना ज्योत जवळ नेऊ नका. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त घातक असते.

फिनिशमध्ये उघड्या पत्र्यावर फक्त क्लिअर कोट देण्याची पद्धत हल्ली फार आवडते. कोरड्या हवेत ती टिकते. आपल्याकडे पहिल्याच पावसाळ्यात एखाद्या चऱ्याखालून गंजाचे धागे पसरतात आणि सगळं खरवडावं लागतं. फ्रेमच्या भागांना पावडर कोटिंग उत्तम, पण भट्टी १८० ते २०० अंशांवर चालते, त्यामुळे खाली साधी पुट्टी असेल तर ती फुगते. कोनसेटच्या (स्टिअरिंगच्या बेअरिंगच्या) जागा, आटे आणि अर्थिंगचे पॉइंट टेप लावून झाकायला सांगा. अर्थिंगवर पावडर बसली तर नंतर इंजिन मधेच बंद पडतं आणि दोष इंजेक्टरमध्ये शोधला जातो. बोल्टच्या बाबतीतही दिसण्याला भुलू नका. ब्रेक कॅलिपर आणि इंजिन माउंटिंगला चकचकीत स्टेनलेस घालतात, पण साधा ए२-७० ग्रेडचा स्टेनलेस बोल्ट तिथल्या १०.९ ग्रेडच्या बोल्टपेक्षा बराच कमजोर असतो. १०.९ चा बोल्ट क्रोम करून आणला आणि प्लेटिंगनंतर भट्टीत भाजला नसेल, तर हायड्रोजनमुळे तो ठिसूळ होऊन ताण असतानाच तुटू शकतो.

वायरिंग लपवायला हरकत नाही, पण दोन गोष्टी जपा. गाडी आडवी पडली की इंजिन बंद करणारा सेन्सर मूळ दिशेतच आणि घट्ट बसवा. तिरका लागला तर गाडी सुरूच होत नाही. आणि बॅटरी स्विंगआर्मखाली नेऊ नका. गाळपाच्या दिवसांत कऱ्हाड-इस्लामपूरच्या बाजूला उसाच्या ट्रॉल्यांमागे जो चिखल उडतो तो थेट तिथे बसतो. जोड क्रिम्प करा, वर हीटश्रिंक. नुसता डाग दिलेला (सोल्डर केलेला) जोड थरथरीने कडेला तुटतो.

सायलेन्सरचं लवकर आटपतो. आखूड उघड्या पाइपमध्ये बाहेरची हवा उलटी आत येते, ऑक्सिजन सेन्सर ती वाचतो, ईसीयू पेट्रोलचं प्रमाण चुकवतो आणि कमी आरपीएमला गाडी अडखळते. १७५ सीसीच्या वरच्या मोटरसायकलला कंपनीच्या चाचणीत ८० डेसिबलची मर्यादा आहे आणि मूळ सायलेन्सर तिच्यासाठीच बनतो. मोठ्या आवाजाचे सायलेन्सर पोलीस रोडरोलरखाली घालतात.

कायद्याची बाजू आधीच समजून घ्या. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ नोंदीत न बसणारे बदल करू देत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच धरलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे. म्हणून लूपच्या कामाआधी एमएच-११ च्या आरटीओ कार्यालयात आणि विमा कंपनीकडे लेखी विचारा. परवानगी मिळत नसेल तर मूळ पाइप न कापता बोल्टने बसणारी सीट आणि टेल करा, ती परत काढता येते. मागच्याला धरायची मूठ, फूटरेस्ट आणि चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारा साडी गार्ड नियमाने लागतो. रंग बदलला तर आरसीवर नोंद करून घ्या.

अडीच लाखांपैकी निम्मे शॉकअप, पुढच्या फोर्कचे स्प्रिंग, टायर आणि ब्रेकच्या नळ्यांवर जाऊ द्या. सीटला आणि हँडलला काटकसर नको. हँडल २५-३० मि.मी.पर्यंत वर घेतलं तर मूळ केबल बहुधा पुरतात, त्याच्या वर क्लच केबल आणि ब्रेकची नळी लांब लागते. हँडल पूर्ण वळवून केबल ताणत नाही आणि आरपीएम वाढत नाही हे तपासा. जे उरेल ते रंगाला.

आणि रंग सगळ्यात शेवटी. सगळं बसवून, उघड्या पत्र्यावरच, तीनशे-चारशे किलोमीटर चालवा. त्यात यवतेश्वर घाट मागे माणूस बसवून एकदा, हायवेवर ऐंशी-नव्वदला एकदा आणि खराब रस्त्यावर एकदा. मग सीट आणि टाकी उतरवून वेल्डच्या कडा भिंगाने बघा, टायरच्या वर लूपला घासल्याची चकाकी शोधा, चेन एका बाजूने झिजतेय का ते स्प्रॉकेटच्या दातांवर बघा आणि सगळे बोल्ट टॉर्क पाना लावून पुन्हा आवळा. उघड्या पत्र्यावर हे सगळं दिसतं. रंगाखाली वेल्डचा बारीक तडा कित्येक महिने लपून राहतो. एखादा सांधा परत करायचा निघाला तर तो याच वेळी करा, आणि मग भाग पावडर कोटिंगला पाठवा.